संगीताचा द्वारपाल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्या परंपरेत ‘घरी बनविलेल्या ध्वनियंत्रांतील रिले व नियंत्रणाचे बोर्ड’ असा विषय घेऊन आम्ही उभे राहिलेले पाहून काहींच्या कपाळी आठी उमटली असल्यास नवल नाही. त्यातून आम्ही पदवीने बी.ए. आणि पेशाने केंद्र सरकारच्या कचेरीतील अधिकारी. परंतु विषय निवडताना आम्ही एक विचार केला. ॲम्प्लिफायरची रचना हा इंजिनिअर मंडळींचा प्रांत होय. तेथे गणित आमच्या आवाक्याबाहेर जाते. नियंत्रणाच्या बोर्डाचा प्रश्न निराळा आहे. कोणाला, केव्हा, कोणत्या अटीवर आत सोडावयाचे आणि अट मोडली जाताच दार कोणी व किती त्वरेने लावावयाचे, एवढाच तो प्रश्न. तीस वर्षे फायलींवर टिपणे लिहिणाऱ्या माणसास हा प्रश्न अगदीच परका वाटत नाही.

हौसेने घरी ॲम्प्लिफायर बांधणारे लोक आपल्या देशात पुष्कळ आहेत. दिल्लीचे लाजपतराय मार्केट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, या गल्ल्यांतून सुटीच्या आधीच्या संध्याकाळी फिरून पाहावे. हातात चिठ्ठी घेऊन ट्रान्झिस्टर शोधणारे कारकून, शिक्षक, बँकवाले आणि विद्यार्थी तेथे हमखास भेटतात. या साऱ्यांचे लक्ष असते ते ॲम्प्लिफायरवर. कोणता ट्रान्झिस्टर, किती वॅट, कोणता ट्रान्सफॉर्मर, यावर तासन् तास चर्चा रंगते. आणि ज्या बोर्डातून संगीताचा एक सूरही निर्माण होत नाही, तो नियंत्रणाचा बोर्ड मात्र शेवटी, पेटीत जागा उरली तर, कोठेतरी खुपसला जातो. आमचे म्हणणे असे की, घरगुती ध्वनियंत्र शहाण्या माणसाने बांधले आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर आधी हा बोर्ड पाहावा.

रिले म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. लोखंडी गाभ्यावर तारेचे वेटोळे असते. त्यातून थोडासा प्रवाह सोडला की गाभा चुंबक होतो, एक पत्ती ओढली जाते आणि तिच्या टोकाचे संपर्कबिंदू जुळतात. लहान प्रवाहाने मोठ्या प्रवाहाचे दार उघडावयाचे, एवढीच युक्ती. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक जोसेफ हेन्री यांनी ती १८३५ च्या सुमारास दाखविली, आणि तारायंत्रात तिचा मोठा उपयोग झाला. दूर जाऊन क्षीण झालेला संदेश रिलेपाशी पोहोचला की तो ताज्या बॅटरीच्या जोरावर पुढे धाडला जाई. इंग्रजीत ‘रिले’ हा शब्द मुळी वाटेवर बदलावयाच्या ताज्या दमाच्या घोड्यांचा. आपल्याकडील ‘डाक’ या शब्दातही टप्प्याटप्प्याने माणसे व घोडी बदलत जाण्याची तीच कल्पना आहे. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारायंत्रातील तो लोहार मात्र आजही रेल्वेच्या सिग्नलपासून घरातल्या फ्रीजपर्यंत सर्वत्र टकटक करीत आहे.

आता त्याला ध्वनियंत्रात काय काम? समजा, आपला ॲम्प्लिफायर अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्टवर चालतो. बटण दाबल्यावर पहिले सेकंद-दोन सेकंद त्याच्या अंतर्भागातील दाब स्थिर झालेले नसतात. त्या वेळी स्पीकर जोडलेला असेल, तर ‘धप्’ असा आवाज होऊन स्पीकरचा पडदा उडी मारतो. म्हणून तीन ते पाच सेकंद थांबून मगच स्पीकर जोडावयाचा, हे रिलेचे पहिले काम. हे सौजन्याचे काम झाले. दुसरे काम प्राणरक्षणाचे आहे. ॲम्प्लिफायरचा शेवटचा ट्रान्झिस्टर निकामी होतो तेव्हा तो बहुधा आतून जोडला जाऊन निकामी होतो. मग ३५ व्होल्टचा अखंड एकदिश दाब थेट स्पीकरवर येतो. आठ ओहमच्या स्पीकरचा तारेचा खरा रोध सहा ओहमच्या आसपास असतो. पस्तिसाचा वर्ग करून त्याला सहाने भागा. दोनशे वॅट होतात. घरात गाणे ऐकताना ज्या वेटोळ्यात सरासरी दोन-चार वॅटही जात नाहीत, त्यात दोनशे वॅटची निव्वळ उष्णता! शिवाय पडदा एका टोकाला जाऊन खिळून राहतो, त्यामुळे त्याच्या हालचालीने मिळणारा वाराही बंद होतो. काही सेकंदांत वेटोळे जळते. नशीब खोटे असेल तर कागदी पडदाही पेट घेतो.

आमच्या वसाहतीतील एका निवृत्त गृहस्थांच्या घरी हे घडले. त्यांच्या वडिलांनी विकत घेतलेली स्पीकरची जोडी, तिच्यावर त्या घराने दोन पिढ्या भीमसेन आणि कुमार ऐकले. स्थानिक कारागिराकडून बांधून घेतलेला ॲम्प्लिफायर एका रात्री गेला आणि जाताना डावा स्पीकर घेऊन गेला. ॲम्प्लिफायरची दुरुस्ती थोडक्या पैशांत झाली. स्पीकरचा तो भाग तयार होणे केव्हाच बंद झाले होते. कागद बदलून, तार गुंडाळून पाहिली, पण दोन बाजूंचा आवाज पुन्हा जुळला नाही. ते गृहस्थ आम्हांस म्हणाले, ‘‘साहेब, आता एका कानाने ऐकतो.’’ त्या पेटीत फ्यूज होता. परंतु संगीताचा जोर सोसेल इतका जाड फ्यूज वितळेपर्यंत वेटोळे वाट पाहत नाही. या एका प्रसंगानंतर आम्ही नियंत्रणाच्या बोर्डाचा विषय गांभीर्याने हाती घेतला.

पहिला प्रश्न असा की, संगीत कोणते आणि संकट कोणते, हे बोर्डाने ओळखावे कसे? संगीत हे सतत वरखाली होणारे असते. संकट एकाच दिशेने टिकून राहते. तेव्हा एक रोध आणि एक कपॅसिटर घालून, वरखाली होणारे ते आपसांत फिटू द्यावे आणि टिकणारे ते साठू द्यावे. एक लाख ओहमचा रोध आणि दहा मायक्रोफॅरडचा, दोन्ही दिशांचा दाब सोसणारा कपॅसिटर घेतला, तर त्यांचा गुणाकार बरोबर एक सेकंद येतो. कपॅसिटरवर एक व्होल्ट साठला की रिले सोडावयाचा असे ठरविले, तर पस्तीस व्होल्टचे संकट आल्यावर तो एक व्होल्ट साठावयास सेकंदाचा सुमारे पस्तिसावा भाग लागतो. उलटपक्षी, सेकंदास वीस कंपनांचा अतिखर्जातील सूर संपूर्ण पस्तीस व्होल्टच्या उंचीने आला, तरी कपॅसिटरवर त्याचा जेमतेम पाव व्होल्टच उमटतो. म्हणजे मृदंगाच्या थापेने दार लागावयाचे नाही आणि खऱ्या चोराला मात्र क्षणात अटकाव होईल. ही आकडेमोड मॅट्रिकच्या गणिताची आहे. ती एकदा कागदावर उतरली तेव्हा आम्हांस झालेला आनंद कोणत्याही पदोन्नतीच्या आदेशाने दिला नव्हता.

परंतु संकट ओळखणे वेगळे आणि दार लावता येणे वेगळे. हा भाग पुष्कळ जण विसरतात, म्हणून येथे थोडे थांबावयाचे आहे. बाजारातील सामान्य रिलेच्या टोपीवर काय छापलेले असते ते वाचून पाहा : १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी; आणि त्याच्याच खाली, १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी. एकाच संपर्कबिंदूंना दोन इतके भिन्न अधिकार का? घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो. बिंदू दूर होताना त्यांच्यामध्ये ठिणगीची कमान पेटली तरी पुढल्या शून्यावर ती विझते. एकदिश प्रवाहाला शून्यच नाही. चाळीस-पन्नास व्होल्टचा दाब असेल, तर बिंदू विलग होऊनही ती कमान जळत राहू शकते आणि रिले उघडलेला असतानाही स्पीकर जळतो. पहारेकऱ्याने दार लोटले, पण चोर फटीतून आत आला, असा हा प्रकार.

त्यावर उपाय साधा आहे आणि त्याला एक पैसाही अधिक लागत नाही. रिलेच्या मधल्या, हलणाऱ्या पत्तीला स्पीकर जोडावा. ओढल्यावर जुळणाऱ्या बिंदूला ॲम्प्लिफायर. आणि सुटल्यावर जुळणाऱ्या बिंदूला जमिनीची, म्हणजे शून्य दाबाची तार. आता रिले सुटला की पत्ती जमिनीच्या बिंदूवर जाऊन टेकते. कमान जळत राहिली तरी तिचा प्रवाह स्पीकर टाळून थेट जमिनीत जातो आणि ॲम्प्लिफायरचा फ्यूज वितळतो. दुकानांतून मिळणाऱ्या तयार संरक्षक बोर्डांपैकी जे आम्ही उलटून पाहिले, त्यांतील बहुतेकांत हा तिसरा बिंदू रिकामाच सोडलेला आढळला. काहींत तर ॲम्प्लिफायर पत्तीला आणि स्पीकर बिंदूला, अशी उलटी जोडणी असते. दिसावयास बोर्ड गोजिरवाणे, तांबडे दिवेही लुकलुकतात. तयार बोर्ड स्वस्तात मिळत असता स्वतःचा का करावा, असे विचारणाऱ्यांस आमचे एवढेच उत्तर आहे.

दुसरी एक गंमत सांगण्यासारखी आहे. रिलेच्या वेटोळ्यातील प्रवाह तोडला की त्यात उलटा, फार मोठा दाब उसळतो आणि रिले चालविणारा लहान ट्रान्झिस्टर मरतो. म्हणून वेटोळ्यावर एक डायोड आडवा घालतात. १एन४००७ हा तो प्रसिद्ध डायोड. सर्व पुस्तकांत तो असतो आणि तो घालावाच. पण या डायोडमुळे वेटोळ्यातील प्रवाह आतल्या आत फिरत राहतो आणि रिले सुटावयास दुपटी-तिपटीने वेळ लागतो; पत्तीही रेंगाळत विलग होते, म्हणजे कमानीला आयतेच निमंत्रण. दोन रुपयांच्या ट्रान्झिस्टरच्या रक्षणापायी हजारोंच्या स्पीकरचे रक्षण ढिले पडते. लेखापरीक्षणाच्या एका आक्षेपापायी सबंध योजना रखडावी, त्यातलाच हा प्रकार! यावर तोड अशी की, डायोडच्या जोडीला चोवीस व्होल्टचा एक झेनर डायोड घालावा आणि ट्रान्झिस्टर तेवढा दाब सोसणारा निवडावा. मग दोघांचेही भागते.

बटण बंद करतानाचाही विचार हवा. मुख्य कपॅसिटरांत साठलेली वीज काही सेकंद उरते आणि त्या उतरत्या काळात ॲम्प्लिफायर चित्रविचित्र आवाज काढतो. म्हणून रिलेची वीज मुख्य साठ्यातून न घेता ट्रान्सफॉर्मरकडून वेगळी, अगदी लहान कपॅसिटरवरून घ्यावी; बटण बंद होताच तो कपॅसिटर रिता होतो आणि स्पीकर आधी सुटतो. उशीर, एकदिश दाबाची ओळख आणि वीज गेल्याची ओळख ही तिन्ही कामे एकत्र करणारी आठ पायांची एक चिप जपानच्या एन.ई.सी. कंपनीने काढली होती. यूपीसी १२३७ हे तिचे नाव. आज बाजारात त्या नावाने नकलाही फिरतात, त्यामुळे हाती येणारी चिप बोर्डावर बसविण्यापूर्वी तपासून घ्यावी. तरुण मंडळी आम्हांस विचारतात की, ‘‘काका, हे सगळे आर्डुइनोवर प्रोग्रॅम लिहून का करीत नाही?’’ संरक्षणाचे काम प्रोग्रॅमवर सोपवू नये, असे आमचे मत आहे. प्रोग्रॅम अडकून पडू शकतो आणि अडकल्यावर रिले ओढलेलाच राहू शकतो. पहाऱ्यावर विद्वान नको, जागा राहणारा माणूस हवा.

प्रोग्रॅमला शोभणारी जागा दुसरी आहे, ती आवाज लहानमोठा करण्याची. साध्या फिरत्या बटणात कार्बनची पट्टी असते. आपल्याकडच्या धुळीत ती काही वर्षांत खरखरू लागते, आणि डाव्या-उजव्या बाजू मंद आवाजात कधीच सारख्या राहत नाहीत. त्याऐवजी सहा रिले घ्यावेत. प्रत्येकाने अनुक्रमे १, २, ४, ८, १६ आणि ३२ डेसिबेल इतका आवाज कमी करावा. या सहांच्या निरनिराळ्या जोडण्यांनी शून्यापासून ६३ पर्यंत चौसष्ट पायऱ्या मिळतात, आणि दोन्ही बाजू निवडलेल्या रोधांइतक्या अचूक जुळतात. मात्र एक खाचखळगा आहे. ३१ वरून ३२ वर जाताना पाच रिले सुटतात आणि एक ओढला जातो. पाच आधी सुटले, तर त्या निमिषात काहीच अडथळा उरत नाही आणि कानठळ्या बसणारा ठोका येतो. म्हणून आधी बत्तीसचा रिले ओढावा, मग बाकीचे सोडावेत. निमिषभर शांतता पडते, ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. असा क्रम सांभाळणे हे प्रोग्रॅमचे खरे काम.

येथे वापरावयाचे रिले मात्र वेगळ्या जातीचे असावेत. देव्हाऱ्यातले चांदीचे निरांजन काही महिन्यांत काळे पडते, हे आपल्या गृहिणींस सांगावयास नको. मोठ्या रिलेचे बिंदू चांदीच्या मिश्रधातूचे असतात आणि तेही हवेतील गंधकाने काळवंडतात. स्पीकरचा दमदार प्रवाह तो काळा थर जाळून वाट काढतो. रेकॉर्ड प्लेअरकडून येणाऱ्या मिलिव्होल्टला ते साधत नाही. म्हणून नाजूक संदेशासाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या बिंदूंचे लहान रिले घ्यावेत. ते मागील बाजूस, खोबणींच्या अगदी लगत बसवावेत, म्हणजे पुढच्या बटणापर्यंत केवळ हुकूम जातो, संगीत नव्हे.

आता बोर्डाच्या आखणीकडे वळू. पीसीबीवरील तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्याही चौदाव्या भागाएवढा. स्पीकरचा प्रवाह वाहणारे पट्टे त्यामुळे चांगले रुंद ठेवावे लागतात. वेटोळ्यांतून परतणारा प्रवाह आणि संगीताची शून्य तार यांनी एकाच पट्ट्यावरून चालू नये. दोघांच्या वाटा वेगळ्या ठेवून एकाच ठिकाणी मिळवाव्यात. हे न पाळल्यास गुणगुण येते. ही गुणगुण सेकंदास शंभर कंपनांची, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर चढलेली असते. तंबोरा काळी एकमध्ये लागलेला असेल तर विलंबित ख्यालात तो बेसूर खर्ज सतत मागे वाजत राहतो, आणि एकदा कानाला लागला की जात नाही.

२३० व्होल्टच्या बाबतीत मात्र आम्ही कोणाचीही थट्टा चालू देत नाही. बोर्डावर घरची वीज आलेली असेल तर तिच्यात आणि बाकीच्या पट्ट्यांत आम्ही किमान आठ मिलिमीटर मोकळी जागा सोडतो. जागा अपुरी पडेल तर मध्ये करवतीने खाच पाडतो. पावसाळ्यात बोर्डावर धूळ आणि ओल बसते, आणि पेटीवर हात नातवंडांचा पडतो. पत्र्याच्या पेटीला अर्थिंगची तार स्क्रूने पक्की आवळलेली असलीच पाहिजे.

पूर्वी तांब्याच्या पत्र्यावर नेलपॉलिशने रेघा काढून फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड बुडवीत. घरातील मोरीला पडलेले ते पिवळे डाग अनेक संसारांत वादाचे कारण झाले आहेत. आज फ्रान्समधील जाँ-पिएर शारा यांनी १९९२ साली सुरू केलेला ‘कीकॅड’ हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. जिनिव्हाच्या सर्न या प्रख्यात संशोधनसंस्थेनेही त्याच्या विकासास हातभार लावला आहे. त्यात आखणी करून कारखान्यास पाठविली की तयार बोर्ड टपालाने घरी येतो. पाठविण्यापूर्वी आखणी खऱ्या आकारात कागदावर छापावी, कागद थर्मोकोलवर ठेवावा आणि प्रत्येक रिले, प्रत्येक कपॅसिटर त्यावर टोचून पाहावा. पडद्यावर सारेच ऐसपैस दिसते. रिलेचे पाय छिद्रांत बसतात की नाही, हे कागदच सांगतो.

बोर्ड जुळवून झाला की स्पीकर लगेच जोडू नये. ॲम्प्लिफायर जोडण्याआधी, संकट ओळखणाऱ्या टोकांवर नऊ व्होल्टची साधी बॅटरी लावावी. आमच्या हिशेबाप्रमाणे सेकंदाच्या आठव्या-नवव्या भागात रिले सुटला पाहिजे. मग बॅटरी उलटी करून पुन्हा लावावी. ही दुसरी परीक्षा पुष्कळ बोर्ड नापास होतात, कारण उणे दाबाची बाजू कोणी तपासलेलीच नसते. मंडळाच्या ॲम्प्लिफायरची ही परीक्षा आम्ही दर वर्षी गणेशोत्सवापूर्वी घेतो; त्याच्या मागे जे दोन स्पीकर आहेत ते सभासदांच्या वर्गणीचे आहेत.

कारखाना एका आखणीच्या पाच प्रती पाठवितो. दोन वापरल्या गेल्या. उरलेल्या तीन, रिलेची टोपी काढून ठेवलेल्या एका नमुन्यासह, तेथे दाराजवळच्या टेबलावर मांडल्या आहेत. नऊ व्होल्टची बॅटरीही ठेवली आहे. चहाच्या वेळी ज्यांस ती दोन्ही बाजूंनी लावून पाहावयाची असेल त्यांनी अवश्य यावे, आणि ज्यांस बोर्ड घरी न्यावयाचे असतील त्यांनी आपल्या ॲम्प्लिफायरचा दाब किती व्होल्टचा आहे, ते आम्हांस आधी सांगावे.